बेसूर बीम

नाना निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांच्या घरच्या दारावरची घंटा अर्ध्या सुराने चढली. जन्मभर लोकांच्या घरी, शाळांत आणि हॉटेलांत जाऊन पियानो सुरात लावून देणं हा नानांचा धंदा. धंदा थांबला, पण कान काही निवृत्त होईनात. घंटा उरकल्यावर त्यांचं लक्ष चहाच्या कपांकडे गेलं. सहांतले दोन कप चमचा लागला की जरा खाली बोलतात असं त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी त्या दोन्हींच्या कडा कानशीने घासून काढल्या. सूर जुळला. चहा पिताना ओठ मात्र कापायला लागले. मग फ्रिजची घरघर झाली, न्हाणीघरातल्या नळाची शिट्टी झाली, आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांना ते हलक्या हाताने पोचे पाडायला लागले, तेव्हा माईंनी हात टेकले.

"हे तरी घरात राहतील, नाहीतर माझे डबे तरी," माई सुनेला म्हणाल्या. "तुझ्या त्या सिमेंटच्या कारखान्यात घेऊन जा यांना. तिथे फुटण्यासारखं काही नसेल."

"माई, ती प्रयोगशाळा आहे. आणि तिथे दिवसभर फोडायचंच काम चालतं."

"मग तर फारच उत्तम."

मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, असे विषय निघाले की गाडी धुवायला खाली जात असे. त्या महिन्यात गाडी आरशासारखी चमकत होती.

सून काँक्रीट तपासायच्या प्रयोगशाळेत इंजिनियर होती. तिथे तिला सगळे ताई म्हणत, आपणही तेच म्हणू. ताई नानांना घेऊन गेली ती सोमवारी. नानांच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, आणि चेहऱ्यावर आपल्याला कुठे सोडायला नेताहेत हे कळलेल्या माणसाची नाराजी.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक हॉल. एका टोकाला काँक्रीट कालवायचं यंत्र आणि लोखंडी साचे, दुसऱ्या टोकाला ठोकळे दाबून फोडायचं यंत्र, आणि मधे कमरेइतकी खोल, नावेसारखी लांब पाण्याची टाकी. टाकीत काँक्रीटचे हातभर लांब बीम शांतपणे बुडून बसलेले. टाकीची देखभाल करणाऱ्या माणसाला पाणीदादा म्हणत. त्याला पाठीचा त्रास होता, त्यामुळे जड वस्तू उचलायच्या वेळी तो नेहमी दुसरीकडे असायचा. एरवी शिट्टी वाजवत टाकीचं तापमान बघत फिरायचा. या सगळ्यांवर साहेब. पाठीत फूटपट्टी शिवल्यासारखे ताठ चालणारे, आणि एखादी गोष्ट तोंडातून गेली की ती मागे घेणं ज्यांना जन्मात जमलं नव्हतं असे.

टाकीशेजारी भिंतीला लागून एक मांडणी होती. तिच्यावरही तसेच बीम होते, पण कोरडे. ताईने नानांचं स्टूल त्या मांडणीजवळ ठेवलं, कारण ती जागा कुणाच्या वाटेत येत नव्हती. सगळा घोळ त्या एका स्टुलापासून सुरू झाला असं ताई पुढे कितीतरी दिवस म्हणत असे.

पहिला तासभर नाना वर्तमानपत्रामागे होते. मग ताईने बीम तपासायला घेतले. तपासणी म्हटलं तर सोपी असते. बीम दोन रबरी पट्ट्यांवर ठेवायचा, छोट्या हातोडीने टण् करून एक टोला द्यायचा, आणि शेजारचं यंत्र तो आवाज ऐकून आकडा दाखवतं. बीम जितका ताठ, तितका आवाज वर.

टण्.

"पांढरी पाच," वर्तमानपत्रामागून पट्टीचं नाव आलं.

ताईने तिकडे दुर्लक्ष केलं आणि दुसरा बीम घेतला. टण्.

"काळी तीन. जराशी वर."

मग तिने मांडणीवरचा, कोरड्या रांगेतला एक करडा बीम उचलून आणला. टण्. वर्तमानपत्र सावकाश खाली आलं.

"हे काय आहे?" नानांनी विचारलं.

"राखेचा बीम, नाना. कोरड्यातला."

"पांढरी चार. आणि तीसुद्धा सर्दी झालेली."

साहेब शेजारूनच जात होते. ते थांबले, यंत्राच्या आकड्याकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं. पुन्हा टोला द्यायला सांगितलं. नाना पाठ करून बसले तरी त्यांचं उत्तर आणि यंत्राचा आकडा एकमेकांना सोडायला तयार नव्हते. साहेब खूश झाले.

"यांना रोज आणत जा," ते ताईला म्हणाले. "मशीन बंद पडलं तर उपयोगी पडतील."

नानांना हे कौतुक फारसं आवडलं नाही. बंद पडलेल्या यंत्राच्या जागी बसवण्यासारखे आपण आहोत असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पण त्यांचं मन त्या राखेच्या बीमवरून हलेना.

"हा एवढा उतरलेला का?" त्यांनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

ताईला हा विषय प्रिय होता, त्यामुळे डबा उघडायचा राहिला. एक बाई होत्या, सगळे त्यांना मालकीणबाई म्हणत, त्यांचा काँक्रीटच्या फळ्या ओतायचा कारखाना होता. गटारांवरून, ओढ्यांवरून माणसांना चालत जायला टाकतात तशा फळ्या. थोडं सिमेंट कमी करून त्याजागी भट्टीतली बारीक राख घातली तर फळी स्वस्त पडते. पण राख घातली की फळ्या आठवडेच्या आठवडे ओल्या ठेवाव्या लागतात, आणि त्यांच्याकडे तेवढी जागाही नव्हती, टाकीही नव्हती. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ओलं ठेवणं टाळलं तर फळी पुरेशी ताठ होते का.

"ताठ म्हणजे मजबूत ना?"

"नाही, तिथेच सगळे फसतात. मजबुती म्हणजे फळी किती वजनाला मोडेल. ताठपणा म्हणजे मोडायच्या आधी किती वाकेल. एखादी फळी मोडणार नाही, पण पाय ठेवला की लचकेल. त्यावरून कोण चालेल?"

"आणि राखेने ती लचकते?"

"सुरुवातीला. कसं आहे, सिमेंट हा घरचा मुलगा. पाणी दिसलं की लगेच कामाला लागतो आणि चिकटून बसतो. हे करताना तो थोडा चुना मागे टाकतो. राख म्हणजे जावई. एकटी ठेवली तर नुसती बसून राहते. पण तिला तो चुना आणि पाणी मिळत राहिलं, तर हळूहळू तीही चिकटायला लागते, मधली बारीक छिद्रं भरते, आणि काही महिन्यांनी साध्या सिमेंटच्याही पुढे जाते. पाणी तोडलं, की जावई पुन्हा आडवा."

नानांनी घास गिळला. "म्हणजे याला चढवायचं तर पाणी पाहिजे."

"पाणी आणि वेळ," ताई म्हणाली, आणि डबा उघडला. आपण काय बोलून बसलो हे तिला कळायला पुढे बरेच दिवस जायचे होते.

नाना रोज जायला लागले. माईंच्या चेहऱ्यावर तेज आलं. घरातले डबे आपापल्या मूळ सुरात नांदू लागले. पण प्रयोगशाळेत नानांना चैन पडेना. कुणी ढकलगाडी घेऊन मांडणीजवळून गेलं, की कोरडे बीम एकमेकांना लागायचे आणि बारीक बोलायचे. त्यात तो राखेचा नेमका नानांच्या कानाशी. बेसूर माणसाशेजारी बसून जेवायची वेळ यावी तसं त्यांना व्हायचं; घास तोंडात फिरायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी राखेच्या बीमवर ओतलं.

पाणी सगळं जमिनीवर गेलं. नानांनी ते वर्तमानपत्राने पुसलं आणि विचार केला. दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून टॉवेल घेऊन आले. टाकीत बुडवला, पिळला, बीमला गुंडाळला, आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवली. लांबून पाहिलं तर मांडणीवर कुणीतरी झोपलंय असं वाटायचं. त्या मांडणीकडे सहसा कुणी बघत नसे. तपासणीच्या दिवशी नाना सगळ्यांच्या आधी आत शिरायचे, टॉवेल सोडायचे, बीम कोरडा पुसायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पेपर उघडायचे. एका बीमचं भागलं तसं मग मांडणीवरच्या इतर राखेच्या बीमनाही का वंचित ठेवायचं, म्हणून त्यांचीही सोय झाली.

पाणीदादाने हे पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. पण नाना ताईंचे सासरे, म्हणजे ताईंनीच सांगितलं असणार, असं त्याने गृहीत धरलं. शिवाय नानांनी त्याच्या शिट्टीतला वरचा सूर सुधारून दिला होता. त्यामुळे त्याला आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी नीट वाजवता येत होती, आणि अशा माणसाला प्रश्न विचारणं त्याला बरं वाटेना.

एका तपासणीला राखेच्या कोरड्या बीमचा आकडा चढला. पुढच्या वेळी आणखी चढला. ताईने यंत्राच्या तारा तपासल्या, रबरी पट्ट्या बदलल्या, हातोडी बदलली. आकडा तोच.

"काळी तीन," नाना पेपरमागून समाधानाने म्हणाले. "सुधारतोय."

साहेबांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली. पाण्याशिवाय ताठ होणारं राखेचं काँक्रीट. असं काही जगात कुणी पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांच्या मांडणीवर पडून होतं. त्यांनी त्याच दिवशी त्याला नावही देऊन टाकलं: स्वावलंबी काँक्रीट.

"साहेब, थोडं थांबू या," ताई म्हणाली. "राख कोरड्यात चढते हे मला पटत नाही."

"मशीन खोटं बोलतंय का?"

"नाही."

"तुमचे सासरे खोटं बोलताहेत का?"

या प्रश्नाला नोकरीत आणि घरात दोन्हीकडे चालेल असं उत्तर ताईला सुचलं नाही. साहेबांनी मालकीणबाईंना फोन लावला, राखेचं प्रमाण सांगितलं, आणि म्हणाले, "ओतायचं आणि उन्हात ठेवून द्यायचं. पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. फळी आपलं आपण बघून घेईल."

इकडे घरात टॉवेल कमी होत होते. आधी पाहुण्यांचे गेले, मग रोजचे गेले. एका सकाळी ताईचा नवरा आंघोळ करून खिडकीच्या पडद्याला अंग पुसताना सापडला. माई मात्र तक्रार करत नव्हत्या, उलट गालात हसत होत्या. शेवटी ताईने विचारलंच.

"अगं, मला सगळं ठाऊक आहे," माई आवाज खाली आणून म्हणाल्या. "रोज टॉवेल घेऊन जातात, येताना बाह्या ओल्या, बोटं सुरकुतलेली. पोहायला जातात ते. या वयात. मला सांगायला लाजत असतील. मी शेजारी सगळ्यांना सांगितलंय."

"पण माई, ते तर दिवसभर माझ्याबरोबर असतात."

"मग तुमच्या कारखान्यात पोहायची टाकी असेल."

"टाकी आहे," ताई म्हणाली, आणि बोलता बोलता तिने चपला चढवल्या.

त्या दिवशी ती कामावर गेली ती तडक काट्याकडे. बीमचा ताठपणा काढायचा तर आवाजाबरोबर त्याचं वजनही लागतं. वजन करायचं काम पाणीदादाकडे होतं, आणि पाठीच्या कारणाने पाणीदादा पहिल्या दिवशीचंच वजन दर वेळी तोंडपाठ सांगत आला होता. ताईने तपासणीनंतर यंत्राजवळच राहिलेला, कोरड्यातला राखेचा बीम स्वतः उचलला आणि काट्यावर ठेवला. हवेत पडलेला बीम वाळतो, वाळला की हलका होतो. याला अपवाद नाही. हा बीम चांगला बाळसं धरून होता.

ती मांडणीकडे वळली. नाना तिच्याकडे पाठ करून उभे होते आणि एका बीमला टॉवेलात गुंडाळत होते, न्हाऊन आलेल्या पोराला गुंडाळावं तसं, कोपरा खोचून. टॉवेल गुलाबी होता. तो माईंचा होता.

"नाना."

नाना दचकले नाहीत. "हळू बोल. झालंच आहे. आणखी थोडा चढला की पांढरी पाच."

"नाना, तो कोरडा राहायला हवा होता."

"कोरडा होता तेव्हा बेसूर होता. तूच म्हणालीस, पाणी आणि वेळ."

"अहो, तो बेसूर किती राहतो हेच तर बघायचं होतं. तीच परीक्षा होती. तुम्ही पेपर सोडवून दिलात त्याचा."

नानांनी टॉवेलचा कोपरा नीट केला. चूक झाली असं म्हणायची त्यांना सवय नव्हती, तोंडाला वळणच नव्हतं त्याचं. "नापास होऊ द्यायचं होतं तर आधी सांगायचं," ते म्हणाले. "माझं स्टूल तरी लांब ठेवायचं."

ताईला हसावं की रडावं कळेना. एवढ्या आठवड्यांचं काम पाण्यात गेलं होतं, अगदी शब्दशः. ती साहेबांच्या खोलीकडे निघाली, तर साहेबच समोरून येत होते, नवा शर्ट घालून. मागोमाग मालकीणबाई, आणि त्यांच्यामागे एक लांब फळी खांद्यावर घेतलेले त्यांचे चार कामगार.

मालकीणबाई म्हणजे आवाज न चढवता चार माणसांना हलवणारी बाई. त्यांनी फळी जमिनीवर ठेवायला सांगितली आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगितलंत तसं केलं. राख घातली, आत लोखंडी जाळी टाकली, उन्हात ठेवली, थेंबभर पाणी नाही घातलं. फळी लचकते."

"लचकणार नाही," साहेब म्हणाले.

"मी वरून चालले. लचकते."

"काँक्रीट लचकत नसतं, बाई."

"साहेब, मला जरा बोलायचं होतं," ताई म्हणाली.

"नंतर."

"त्या कोरड्या बीमबद्दलच आहे."

"ताई, नंतर. ही फळी टाकीवर आडवी ठेवा. मी दाखवतो."

कामगारांनी फळीची दोन टोकं टाकीच्या दोन कडांवर टेकवली. खाली पाणी, पाण्यात बीम. साहेबांनी बूट काढले नाहीत. ते ताठ मानेने फळीवर चढले, आणि हात पाठीमागे बांधून पहिलं पाऊल टाकलं. फळी ठण् करून बोलली.

"पांढरी दोन," मागून नानांचा आवाज आला.

"ऐकलंत?" साहेब मालकीणबाईंना म्हणाले. त्यांना हे कौतुक वाटलं. त्यांनी आणखी दोन पावलं टाकली. फळी पुन्हा बोलली, जरा जाड आवाजात, आणि मधोमध एक केसासारखी रेघ उमटली.

"काळी एक," नाना म्हणाले. "साहेब, मागे या."

"मागे कशाला? मी कुठेही जात नाही."

"सूर उतरतोय."

"उतरू द्या."

"साहेब," ताई म्हणाली, आता कुणाची परवानगी न मागता, "ती फळी कोरड्यात वाळली आहे. राख आत झोपली आहे. आपले बीम चढले कारण नाना त्यांना ओल्या टॉवेलात ठेवत होते. स्वावलंबी वगैरे काही नाही."

साहेब फळीच्या मध्यावर उभे होते. त्यांना सगळं नीट ऐकू आलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. मागे फिरलं तर ताईचं खरं ठरत होतं, पुढे गेलं तर नानांचं. त्यांनी दोन्ही टाळलं आणि तिथेच उभे राहिले.

"टॉवेल," ते एवढंच म्हणाले.

"पांढरी एक," नाना म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

फळी मोडली नाही. आत जाळी होती, त्यामुळे तिला मोडता येईना. ती वाकली. फार सावकाश, पाठीचा त्रास असलेल्या माणसासारखी. साहेबांचे बूट आधी पाण्याला लागले, मग पाण्यात गेले, मग मोजे गेले. साहेब ताठच होते. फक्त दर क्षणाला थोडे बुटके होत होते. शेवटी फळीचं एक टोक कडेवरून सुटलं आणि साहेब, पाठ सरळ, हात मागे, टाकीत बसले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. त्यांच्या दोन्ही बाजूंना बीम होते. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, त्यांनाही ताठ व्हायला ठेवलंय.

पाणीदादाने मग जवळ जाऊन तापमान पाहिलं आणि म्हणाला, "पाणी बरोबर आहे, साहेब."

साहेबांना बाहेर काढायला पाणीदादाच वाकला, आणि त्याच्या पाठीला काहीही झालं नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवलं. टाकीच्या पाण्यात चुना मिसळलेला असतो. साहेब वाळायला लागले तसे पांढरे होत गेले. अंग पुसायला कोरडा टॉवेल इमारतीत नव्हता. होते ते सगळे ओले, आणि बीमच्या अंगावर. शेवटी नानांनी आपलं वर्तमानपत्र दिलं.

साहेब आत गेल्यावर मालकीणबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण फळ्यांचा विषय त्या विसरल्या नव्हत्या.

"म्हणजे टाकी नसली तरी चालतं?" त्यांनी ताईला विचारलं. "ओला टॉवेल पुरतो?"

"टॉवेल, गोणपाट, काहीही. ओलं राहिलं पाहिजे आणि वरून प्लॅस्टिक पाहिजे, म्हणजे पाणी उडून जात नाही. बीमवरून तरी तसं दिसतंय."

"दिसतंय म्हणजे?"

"म्हणजे मी आत्ता तुम्हाला हो म्हणणार नाही. हे चोरून झालंय. कधी, किती पाणी घातलं, काही ठाऊक नाही. पुन्हा ओतते, नीट मोजते, आणि मग सांगते. तोपर्यंत नव्या फळ्या मात्र उन्हात टाकू नका."

मालकीणबाईंना हे उत्तर आवडलं. गेल्या वेळी त्यांना लगेच हो मिळालं होतं, आणि ते आता टाकीत वाकून पडलं होतं.

संध्याकाळी घरी ताई नानांशी बोलली नाही. माईंना हकीकत कळली तेव्हा त्यांना टॉवेलांचं काही वाटलं नाही. शेजारणींना आता काय सांगायचं याची चिंता पडली. नवरा उठला आणि गाडी धुवायला गेला.

नानांनी ताटातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाले, "पुन्हा ओतायचे म्हणजे साचे धुवायला माणूस लागेल."

ताईने वर पाहिलं नाही.

"मी धुवीन," नाना म्हणाले. "हात लावायचा नाही म्हणशील तिथे लावणार नाही."

"कोरड्या रांगेला?"

या प्रश्नाचं उत्तर नानांना सोपं जात नव्हतं. "कोरडी रांग दुसऱ्या खोलीत ठेव," ते शेवटी म्हणाले. "आणि किल्ली तुझ्याकडे."

त्यांच्या तोंडून यापेक्षा जास्त माफी आजवर कुणी ऐकली नव्हती. ताईने त्यांच्या ताटात भात वाढला.

पुन्हा सगळं ओतलं गेलं. या वेळी तीन रांगा होत्या: टाकीतली, कुलपातली कोरडी, आणि मधली, ओल्या गोणपाटातली. ती मधली रांग अधिकृतपणे नानांच्या ताब्यात होती. रोज सकाळी ते ताई सांगेल तेवढंच पाणी मापाने घालायचे, एक थेंब जास्त नाही, आणि गोणपाट नीट गुंडाळून प्लॅस्टिक लावायचे. वजन करायला दुसरा माणूस नेमला. साहेबांनी या सगळ्यावर मान डोलावली. स्वावलंबी हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढत नसे, पण त्यांनीही तो कधी मागे घेतला असं नाही. ते फक्त टाकीच्या दुसऱ्या बाजूने जायला लागले.

राख आपल्या गतीने गेली. पहिले काही आठवडे साधं सिमेंट पुढे होतं. टाकीतली राख मागून येत राहिली, सावकाश, आणि काही महिन्यांनी एका सकाळी टोला दिला तर ती वर निघाली. गोणपाटातली तिच्या पाठोपाठ, अगदी थोडी खाली. कोरडी जिथे होती तिथेच राहिली. ताईने मालकीणबाईंना फोन करून हो सांगितलं, कशाला हो आणि कशाला नाही तेही सांगितलं. त्यांनी फळ्या गोणपाटात गुंडाळून एकावर एक रचायला दोन माणसं ठेवली. त्या फळ्या आता कुठल्या कुठल्या ओढ्यांवर पडल्या आहेत आणि लोक त्यांच्यावरून डोक्यात दुसरेच विचार घेऊन चालत असतात.

काम संपलं तेव्हा बीम टाकून द्यायचे होते. ताई नानांना म्हणाली, "एखादा हवा असेल तर घेऊन चला. तुमच्या रांगेतला."

"माझ्या रांगेतले सुखात आहेत," नाना म्हणाले. "ते कोरड्या खोलीचं कुलूप उघड."

आत जाऊन त्यांनी कोरड्यातल्या राखेच्या एका बीमला बोटाच्या पेराने टिचकी मारली. ऐकलं. पुन्हा मारली. महिनोन्महिने बंद खोलीत बसलेला तो बीम जितका होता तितकाच उतरलेला होता. नानांनी त्याला उचलून छातीशी धरलं.

बसमध्ये तो त्यांच्या मांडीवर होता. कंडक्टरने विचारलं, हे काय आहे. नाना म्हणाले, "काँक्रीट." कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं. वाटेत बस खड्ड्यांतून गेली की बीम सीटच्या दांडीला लागून बोलायचा, आणि ताई बघत होती, नाना दर वेळी थोडा चेहरा वाकडा करायचे, पण बीम मांडीवरून खाली ठेवत नव्हते.

दार माईंनी उघडलं. त्यांनी नानांकडे पाहिलं, मग बीमकडे पाहिलं.

"हा आता किती दिवस राहणार?"

"याला कुणी नाही," नाना म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.